न उचलायचा फोन

कंपनीनं मला जर्मनीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मी ती गोष्ट मायला फोनवर सांगितली नाही. सुट्टी काढून गंगापूरच्या पुढं आमच्या वस्तीवर गेले. माय बांधावर उभी होती, मेंढरं खालच्या पडीक रानात वाळलेली पानं हुंगत होती. मी सांगितलं, सात आठवडे जायचंय, नवीन मशीन आलंय, ते शिकून यायचंय. तिनं विमानाचं विचारलं नाही, थंडीचं विचारलं नाही, सोबत कोण आहे तेही विचारलं नाही.

"तिथं रेंज असती का?" एवढंच विचारलं.

वडील गेल्यापासून मेंढरं तीच सांभाळायची. शेजारी चुलत्याचं घर होतं, पण मेंढरांमागं ती एकटीच असायची. मी डिप्लोमा करून औरंगाबादजवळ वाळूजच्या एका कारखान्यात लागले होते आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, हर्सूलला, एक खोली भाड्यानं घेऊन राहत होते. कारखाना ज्या माळावर उभा होता, तिथं माझ्या लहानपणी आमची मेंढरं चरायची. आता तिथं तारेची कुंपणं होती. शहर आमच्याकडं सरकत होतं आणि पाणी आमच्यापासून लांब जात होतं. तो लागोपाठचा दुसरा कोरडा उन्हाळा होता. हर्सूलला नळ आठवड्यातून एकदा यायचा. वस्तीवर टँकर यायचा, पण तो माणसांपुरता.

मायकडं बटणांचा फोन होता. तिला वाचता येत नव्हतं. हिरवं बटण उचलायचं, लाल ठेवायचं, आणि दोन आकडा दाबून धरला की मला लागतो, एवढं तिला पक्कं येत होतं. माझ्या नंबराला मी वेगळी धून लावून दिली होती, म्हणजे फोन वाजला की न बघताच तिला कळायचं की मीच आहे.

आमच्या कंपनीतले एक सीनियर आधी परदेशात जाऊन आले होते. तिथं ते घरून आलेले सगळे फोन औरंगाबादेत असल्यासारखे उचलत राहिले. परत आल्यावर जे बिल आलं, त्याची चर्चा डब्याच्या वेळेला महिनाभर चालली. त्यामुळं मी निघायच्या आधी क्रांती चौकातल्या एका मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार चाचा म्हातारे होते. त्यांचा मुलगा दुबईत होता, त्यामुळं या सगळ्याचा त्यांना अनुभव होता.

"बेटा, उतरते ही वहाँ का सिम लेना," ते म्हणाले. "मगर इधर का नंबर बंद नको करना. उस पे मेसेज आया तो कुछ नहीं लगता. फोन आया तो उठाना नको. बस."

"आणि मला घरी फोन करायचा असला तर? तिथला सिम पण महागच पडंल ना?"

"मिस कॉल मार ना. घंटी बजने का कोई पैसा लेता क्या?"

तो साधासुधा चार ओळींचा सल्ला, पण आमचे सात आठवडे त्यावर निघाले. आणि गोंधळ झाला तोही त्यातूनच.

मी परत वस्तीवर गेले आणि मायला समजावलं. आपल्याकडं चार वाजतात तेव्हा तिथं माझी जेवायची सुट्टी असते. रोज चारला मी फोन लावीन. तो नंबर लांबलचक असेल, धून पण माझी नसेल. तो उचलायचा नाही. लाल बटण दाबून कट करायचा. कट झाला की मी समजेन, तू ठीक आहेस. काही बोलायचं असलं तर कशालाच हात लावायचा नाही, वाजू द्यायचा. मग मी पुन्हा लावीन, तो दुसरा उचलायचा. आणि रविवारी आपण नीट बोलायचं.

"वाजला तरी उचलायचा नाय?" तिला ते पटेना. "आन मग वाजवायचाच कशाला?"

आम्ही तालीम केली. मी चुलत्याचा फोन घेऊन विहिरीच्या पलीकडं गेले आणि तिथून लावला. तिनं उचलला. "हा, बोल." मी ओरडून सांगितलं, "माय, कट कर!" पुन्हा लावला, पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा ती स्वतःवरच वैतागली. "वाजला की हात जातोच गं त्याच्यावर. कुणीतरी बोलावतंय अन आपण तोंड फिरवायचं म्हंजे काय!" पाचव्या की सहाव्या वेळेला एकदाचा कट झाला. विहिरीच्या पलीकडून तिनं हात वर करून दाखवला.

जर्मनीतलं ते गाव लहान होतं. एप्रिल असून स्वेटर काढता येत नव्हता. पहिल्याच आठवड्यात सुपरमार्केटमधून सिम घेतलं. ते चालू करायच्या सगळ्या सूचना जर्मनमध्ये होत्या. मला मशीन शिकवणारी बाई, साठीच्या आसपासची, शांत स्वभावाची, जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारी बसून बटणं दाबत राहिली. चालू झाल्यावर तिनं विचारलं, पहिला फोन कुणाला? मी म्हटलं, आईला, पण ती उचलणार नाही. ती जरा विचित्र नजरेनं माझ्याकडं बघत राहिली.

कँटीनच्या मागं सायकली लावायची जागा होती. मी रोज साडेबाराला तिथं उभी राहायचे. नंबर लावला की थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही, मग घंटी. एक, दोन. आणि कट. तेवढ्यानं माझा दिवस नीट व्हायचा. तिनं फोन हातात घेतला असेल, डोळ्यांवर पदराची सावली धरली असेल, अंगठ्यानं लाल बटण शोधलं असेल, हे सगळं मला त्या कट होण्यात दिसायचं.

हर्सूलच्या घरमालकीणबाई माझ्या औरंगाबादच्या नंबरावर मेसेज पाठवायच्या. ते वाचायला काही लागत नव्हतं. "आज पाणी आलं. तुमचा ड्रम भरून ठेवला." किंवा, "समोरच्या प्लॉटवर बिल्डिंगचा पाया खोदायलेत. धूळ लई." जर्मनीत सगळं हिरवंगार, रस्त्याच्या कडेच्या फुलझाडांनाही पाइपनं पाणी घालायचे. ते बघताना मला ड्रम आठवायचा आणि उगाच अपराध्यासारखं वाटायचं.

रविवारी आम्ही बोलायचो. पहिल्या दोन रविवारी मायच्या आवाजामागं मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू येत होत्या. बोलता बोलता ती मध्येच तोंड बाजूला करून म्होरक्या मेंढीला हाक मारायची. ती मेंढी म्हातारी होती, पण बाकीची सगळी तिच्या मागं चालायची. मायची हाक एवढी मोठी की मला फोन कानापासून लांब धरावा लागायचा.

तिसऱ्या रविवारी आम्ही बोललो, ठेवला, आणि मी कपडे धुवायला घेतले. साबण लावता लावता जाणवलं की आज काहीतरी राहून गेलं. काय ते कळेना.

चौथ्या रविवारी कळलं. तिच्या आवाजामागं काहीच नव्हतं.

"माय, मेंढरं कुठंयत?"

"हायती की. बसलीत सावलीला."

"घंट्या ऐकू येईनात."

"बसल्यावर कशा वाजतील?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. पण उत्तर फार पटकन आलं होतं. मी म्हटलं, "मग म्होरकीला एक हाक मार की. लई दिवस झाले. ऐकू दे मला."

मला वाटलं, लाइन गेली.

"माय?"

"हाक कुणाला मारू, बाई," ती म्हणाली. "इकली."

मी खोलीबाहेरच्या पायरीवर बसले. कधी, असं विचारलं तर म्हणाली, तू गेलीस त्याच्या दुसऱ्या आठवड्यानंतर. चारा नव्हता आणि पाणी शेंदायला विहिरीत दोर पुरत नव्हता. तीन कोकरं मेली, तेव्हा तिनं ठरवलं. चुलत्याला बरोबर घेतलं आणि बाजारात नेऊन सगळी एकदम दिली.

"आणि रोज कट करत होतीस?" माझा आवाज चढला. "रोज चारला मी इथं उभी राहते. तू कट करत होतीस!"

"मग? तूच म्हणालीस ना, मी ठीक असले की कट कर. मला कुठं काय झालं हुतं? मी तर धडधाकट हाय."

मी काही बोलणार तेवढ्यात फोनमध्ये एक जर्मन बाई बोलायला लागली. माझं बॅलन्स संपलं होतं. मी तशीच सुपरमार्केटकडं पळाले. दाराशी पोचल्यावर आठवलं की इथं रविवारी काहीच उघडं नसतं. सगळा रस्ता रिकामा. एक म्हातारा कुत्र्याला फिरवत होता, तेवढाच.

सोमवारपर्यंत थांबता आलं असतं. पण आमचं बोलणं मी चढ्या आवाजात बोलले होते तिथंच तुटलं होतं. तिला वाटलं असणार, मी रागानं ठेवला. मी खोलीवर गेले, बॅगेतून औरंगाबादचं सिम असलेला दुसरा फोन काढला, आणि चाचांनी ज्यावर बोलू नको म्हणून बजावलं होतं त्याच नंबरावरून मायला फोन लावला.

पहिल्याच घंटीला तिनं उचलला.

"आलीस व्हय?"

माझ्या लक्षात आलं नाही. मग आलं. या नंबराला ती धून होती. धून वाजल्याबरोबर तिला वाटलं, मी विमानातून उतरले, घरी आले.

"नाही माय," मी म्हटलं, "अजून इथंच आहे."

"असं व्हय." तिचा आवाज एकदम खाली आला. मग लगेच सावरून म्हणाली, "मग ठेव, ठेव. त्या फोनला लई लागतंय म्हणालीस ना."

"लागू दे. तू सांग."

मग ती बोलली. बाजारात व्यापाऱ्यानं म्होरकीला घेतलंच नाही, म्हातारी म्हणून. बाकीची टेंपोत चढवली तर ती टेंपोमागं चालायला लागली. आपल्या मागं सगळी येतात अशी सवय असलेली, ती त्या दिवशी सगळ्यांच्या मागं. मायनं तिला धरून आणली आणि नदीकडं, मावशीच्या गावाला, उसाच्या पट्ट्यात नेऊन बांधली. तिथं अजून थोडं हिरवं होतं. हे सांगताना ती रडली नाही. मधूनच "ठेवतीस का आता?" असं विचारत राहिली आणि मी "नाही" म्हटलं की पुढं सांगत राहिली. रिकाम्या घरात सकाळी चारला जाग येते आणि काय करावं ते कळत नाही, हेही तिनं सांगितलं. फोनवर ती असलं कधी बोलली नव्हती.

"मी परत येऊ का?"

"येऊन काय करशील? आता राखायला तर काय नाय." मग म्हणाली, "शिकायला गेलीस ना, ते शिकून ये. अर्धं टाकून नको येऊ."

मी तिच्याकडून एक वचन घेतलं. वाईट काही घडलं तर त्याच दिवशी सांगायचं. पैसे किती लागतील ते मी बघीन, तिनं बघायचं नाही. ती "बरं" म्हणाली. मी पुन्हा म्हणायला लावलं.

पुढं बिल आलं. मी ते भरलं आणि कुणाला सांगितलं नाही. त्या फोनचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

मी मायला हर्सूलच्या खोलीवर जायला सांगितलं. चार दिवस नाही नाही म्हणाली, मग काळीपिवळीनं गंगापूरला आणि तिथून एसटीनं शहरात आली. घरमालकीणबाईंचा मेसेज आला: "तुमच्या आई आल्या. किती सांगितलं तरी कॉटवर बसत नाहीत." दुसऱ्या दिवशी: "आज नळ आला. आईंनी आमचं पण पाणी भरलं. ऐकत नाहीत." मी ते मेसेज मशीन शिकवणाऱ्या बाईला मोडक्या इंग्रजीत समजावून सांगितले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, माझी आई पण बसत नसे.

जूनच्या सुरुवातीला मी परतले. माय दारातच बसली होती. माझ्याकडं बघून पहिलं वाक्य, "वाळलीस." तोवर गल्लीतल्या सगळ्यांना ती ओळखायला लागली होती. पहाटे उठून ती हर्सूल तलावापर्यंत चालत जायची. तलावाच्या भेगाळलेल्या तळात कुणाकुणाच्या म्हशी फिरायच्या, त्या बघत उभी राहायची, ऊन चढलं की परत यायची. मी कामावर गेल्यावर दिवसभर तिला करमत नसे, पण ते तिनं मला सांगितलं, लपवलं नाही. पाऊस झाल्यावर ती वस्तीवर गेली. मावशीकडून म्होरकीला आणलं. ती पुढं दीड वर्ष जगली. माझ्या पगारातून आणि तिच्या साठलेल्यातून आम्ही एकेक करत आठ-दहा मेंढरं केली. पहिल्याएवढी ती पुन्हा कधी झाली नाहीत. आता चरायला रानही उरलं नव्हतं.

काही वर्षांनी कंपनीनं मला पुन्हा पाठवलं. तोवर फोन बदलले होते. खोलीवर वायफाय, चुलत्याच्या सुनेकडं मोठा फोन, आणि तासभर बोललं तरी कुणी काही विचारत नव्हतं. माय व्हिडिओ कॉलवर यायची, पण फोन असा धरायची की मला नुसते छताचे पत्रे दिसायचे. मी म्हणायचे, "खाली धर," मग तिची हनुवटी दिसायची. आम्ही काहीही बोलायचो. कुणाचं लग्न ठरलं, कुणी प्लॉट विकला, भाजीत मीठ जास्त झालं. कधी कधी मला कंटाळाही यायचा, खरं सांगायचं तर, आणि मी दुसरीकडं बघत नुसतं हं हं करायचे.

एका दुपारी मी डबा उघडून बसले होते, तोच तिनं स्वतःहून लावला. या वेळी चेहरा पुरता दिसत होता. बहुतेक सुनेनं फोन धरला होता.

"बाई, सकाळी पाय मुरगळला," ती म्हणाली. "बांधावरनं उतरताना. सुजलाय. दवाखान्यात जाऊन आलो. हाड बिड काय नाय मोडलं. फोटू काढला."

"बरं," मी म्हटलं. "दुखतंय का?"

"दुखतंय की. लई दुखतंय." मग कुणीतरी बोललं, तिनं तिकडं मान फिरवली आणि परत माझ्याकडं वळली. "आज झालं, आज सांगितलं. आता तू जेव."