नऊ दिवस ताईच्या गोळ्या

हसायचं तर हसा, पण आधी कप खाली ठेवा, चहा अंगावर सांडेल. माझ्यासारखा गाढव अख्ख्या भोपाळात सापडायचा नाही. नऊ दिवस मी बहिणीच्या गोळ्या चोरून खाल्ल्या, आणि वर डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आणखी मागितल्या!

आईला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. इंद्रपुरीच्या घरात आम्ही दोघंच उरलो होतो, ताई आणि मी. मी गॅरेजमध्ये स्कूटर दुरुस्त करतो. पण आई गेल्यापासून हातच चालेनात. गाडीमागे बसून रडायचो आणि कुणी विचारलं तर म्हणायचो, डोळ्यात ऑइल गेलं. रोज रोज ऑइल कसं जाईल हो?

ताईचं वेगळं होतं. महिन्यातले सात-आठ दिवस ती झपाटल्यासारखी व्हायची. भाजीत मीठ कमी म्हटलं की रडायची, जास्त म्हटलं की पातेलं आदळायची. मग पुन्हा शांत. आधी आई सांभाळून घ्यायची. आई गेल्यावर फारच वाढलं, तेव्हा ताई दवाखान्यात जाऊन गोळ्या घेऊन आली.

"कसल्या गं?"

"मन ताळ्यावर राहायच्या. तू तुझं बघ!"

बहीण भावाला याहून जास्त काय सांगणार? आणि आठवीत शाळा सोडलेला मी पाकिटावरचं इंग्रजी काय वाचणार?

पण गोळ्या जबरदस्त! तिसऱ्या महिन्यात ताईने आईच्या साड्या आवरल्या. न रडता! मी दारात हुंदके देतोय आणि ही घड्या घालतेय. म्हटलं, बस, हेच औषध पाहिजे.

कपाटात नवं पाकीट होतं. रोज एक सुरू केली. पहिल्या दिवशी मळमळलं. म्हटलं, दुःख बाहेर पडतंय. चौथ्या दिवशी डोकं ठणकलं. म्हटलं, मोठं दुःख आहे, वेळ लागणारच. नवव्या दिवशी दाराशी आईची चप्पल दिसली आणि मी उंबऱ्यावरच बसलो. म्हणजे डोस कमी पडतोय! पाकीट खिशात घातलं आणि थेट हबीबगंजला, ताईच्या डॉक्टरीणबाईंकडे.

बाकावर सगळ्या बायका. माझा नंबर आला. पाकीट पुढे करून म्हटलं, और चाहिए. बाईंनी ते पाहिलं.

"तकलीफ कब से है?"

"चार महीने से, मॅडम."

"चिडचिड? रोना आता है?"

"बहोत."

"महीने में कितने दिन?"

"तीसों दिन."

त्यांचं पेन थांबलं. "तीसों? पीरियड कब आते हैं?"

"किसके?"

"पेशंट के!"

"पेशंट तो मैं हूँ, मॅडम."

बाजूची नर्स तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली. बाईंनी चष्मा काढला आणि मला शांतपणे समजावलं. ती हार्मोनची गोळी होती, पाळी यायच्या आधी बायकांना जो त्रास होतो त्याची. नऊ गोळ्यांनी मला काही होणार नव्हतं.

"और माँ के जाने की गोली?" मी विचारलं.

"वो नहीं होती, बेटा."

बाहेर आलो तर बाकावरच्या सगळ्या बायका माझ्याकडेच बघत होत्या. लाजेने मी ते पाकीट वाटेतल्या नाल्यात भिरकावलं. डोकं असतं तर शाळेतच टिकलो नसतो का? ताईला तेच पाकीट त्या दिवशी उघडायचं होतं! घरी ती कपाट उपसत होती, सगळं कबूल करावं लागलं.

"अरे मूर्खा, तू खाल्ल्यास?" ताई आधी पोट धरून हसली. "आण इकडे उरलेल्या."

"नाल्यात आहेत."

तिचं हसू गेलं. दुकानदार म्हणाला, मागवावी लागेल, आठ दिवस लागतील.

पाचव्या दिवशी पोळ्या लाटता लाटता ताई "आई गं" म्हणून जी रडायला लागली, ती थांबेचना. मी समजूत काढायला गेलो आणि माझाच बांध फुटला. तव्यावरची पोळी जळून कोळसा झाली, तरी आम्ही आपले रडतोय.

घरातलं रडणं थांबवायला निघालो होतो मी. आधी एकटा रडायचो, आता जोडी जमवली!