बांगड्यांखालचा रंग

आमच्या घरात टॅन हा शब्द पहिल्यांदा आला तो बुटाच्या पॉलिशच्या डबीवरून. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत नोकरीला होते आणि दर रविवारी त्यांचे बूट मीच घासायचे. पुढे पीयूसीला, म्हणजे पदवीच्या आधीच्या कॉलेजात, गणितात कोनाचा टॅन भेटला. त्याच्या पाठोपाठ तिसरा माझ्या हातांवर चढला. त्याला आई नुसतं "काळवंडलीस" म्हणायची.

काळवंडले ती गणिताच्या बाईंमुळे. फळ्यावर काढलेला कोन त्यांना चालत नसे. दर शनिवारी दुपारी त्या आम्हा सहा मुलींना शहराच्या कडेला, राजाजीनगरला न्यायच्या. तिथे तेव्हा नुसते आखलेले प्लॉट होते, विरळ घरं होती आणि ऊन मुबलक होतं. लाकडी कोनमापकाला दोऱ्याने वजन लोंबवलेलं असे. झाडाचा शेंडा नजरेत धरायचा, दोरा कुठे थांबतो ते वाचायचं, बुंध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. अंतराला कोनाच्या टॅनने गुणायचं, त्यात आपल्या डोळ्यांची उंची मिळवायची, की झाडाची उंची आली. अशा बारा उंच्या वहीत भरल्या तरच बाई सही करत, आणि सही नसेल तर परीक्षेला बसता येत नसे. माझ्या अकरा झाल्या होत्या. पाण्याच्या टाकीची राहिली होती.

मी जन्मानेच सावळी. "आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास," म्हणत आई रोज संध्याकाळी माझ्या हातांना साय आणि डाळीचं पीठ चोळायची. चोळताना तिचा जीव तुटायचा, आणि माझा संताप व्हायचा. त्यातून तिचा एक दंडक होता: लग्नाच्या मुलीने बोडक्या हाताने घराबाहेर पडायचं नाही. म्हणून मी डझन डझन काचेच्या बांगड्या घालून उन्हात टेप ओढायचे.

त्या उन्हाळ्यात स्थळ जमलं तर माझं शिक्षण तिथेच थांबवायचं, असं अण्णांनी ठरवून टाकलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. मला बी.एस्सी.ला गणित घ्यायचं होतं, हे मीही कुणाला विचारून ठरवलं नव्हतं.

एका रविवारी मंडळी बघायला आली. मुलगा बशीतल्या उप्पिटाकडे बघत बसला. बोलत होती ती त्याची आत्या. तिने मला शेजारी बसवलं आणि माझा हात मांडीवर घेतला. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" असं म्हणून तिने माझ्या बांगड्या कोपराकडे सारल्या.

मनगटावर चार बोटं रुंद उजळ पट्टा होता. आईच्या दंडकाने जपलेला.

"हा बघा मूळ रंग!" आत्याबाई खुशीत, कानडी मिसळत आईला म्हणाल्या. "चांगला गव्हाळ आहे की. वरचा उन्हाचा आहे, अक्का. दोन महिने पोरीला घरात ठेवा. रंग स्वल्प उतरला की सगळं सरी, अगदी ठीक होईल. आमच्याकडून होकार समजा."

आईचे डोळे भरून आले. अण्णांनी लगेच हात जोडले. "आजपासून कॉलेज बंद," ते म्हणाले, "उद्यापासून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही ती." इतक्या सहज म्हणाले, जणू खिडकी लावून घ्यायची होती. मला भीती वाटली. नकार आला असता तर मी निभावून नेलं असतं, पण हा होकार माझ्या मानेवरच बसला.

मी हात सोडवून घेतला. "रंग उतरणार नाही," मी म्हणाले. "येत्या शनिवारी मला टाकी मोजायला जायचंय. त्यानंतर परीक्षा आहे. त्यानंतरही मी उन्हात जाणार आहे."

"टाकी मोजून तुला काय मिळणार गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"उंची," मी म्हणाले.

मंडळी कॉफीला न थांबता उठली. अण्णा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई बोलली, आणि जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही. तिचं चुकलं असं तेव्हाही वाटलं नाही. ती घाबरली होती, एवढंच. पण तिच्या भीतीपायी मी घरात बसायला तयार नव्हते.

शनिवारी दुपारी मी बांगड्या उतरवून कपाटात ठेवल्या आणि मागच्या दाराने बाहेर पडले. टाकीपासून मागे मागे सरकत गेले, दोरा बरोबर पंचेचाळीस अंशांवर येईपर्यंत. तिथे टॅन एक असतो, कोष्टक बघावं लागत नाही, पायांखालचं अंतर हीच उंची. तरी मी तीनदा मोजलं. माझ्या डोळ्यांची उंची मिळवली आणि बाईंनी तिथेच, उन्हात उभ्या उभ्या, सही केली.

घरी आले तर आई दारातच होती. माझे हात बघून ती दचकली. "बोडक्या हातांनी गेलीस? बांगड्या कुठायत?"

"कपाटात आहेत," मी म्हणाले. "परीक्षा होईपर्यंत तिथेच राहतील. पट्टाही उन्हात काळा होऊ दे. पुढच्या वेळी कुणी हात धरला, तर त्याला सगळीकडे हाच रंग दिसेल."