सोन्याचं मांजर कोण देणार?

जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडरची नोकरी केली की किस्से न मागता साठतात. बैलांचे मी कधीच विसरलो. मांजरांचे मात्र अजून डोक्यातून जात नाहीत, कारण तेव्हा आम्हाला काही म्हणजे काही कळत नव्हतं!

एकोणीसशे तीसनंतरची ही गोष्ट. आमचे डॉक्टरसाहेब बारामतीहून बदलून इंदापुरात आले होते. बैलाच्या नुसत्या चालीवरून दुखणं ओळखायचे. पण मांजर टेबलावर आलं की त्यांना घाम फुटायचा. बैल दगावला तर मालक शिव्या देऊन जातो. मांजर हातून मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं! साहेब शिकलेले. म्हणायचे, "थोतांड आहे सगळं." आणि मांजर माझ्या हातात द्यायचे.

*

पहिलं मांजर लंगडतं म्हणून आलं. जनावर तपासायचं ते खोड्यात घालून, हा आमचा नियम. बैलाच्या लाकडी खोड्यात मांजर उभं केलं. ते दोन दांड्यांमधून आरामात बाहेर आलं, भिंतीवर चढलं आणि तिथून कौलांवर! साहेब मान वर करून बघत राहिले. मग म्हणाले, "पाय उत्तम आहे. पुढचा पेशंट!"

*

लासुर्ण्याचे एक तात्या बोका घेऊन आले. "आठ दीस झालं, भाकरीला तोंड लावत न्हाय."

साहेबांनी जीभ पाहिली, हिरड्या पाहिल्या, थर्मामीटर लावलं. ताप नाही. मीही गोंधळलो, साहेबही. शेवटी त्यांनी सहज विचारलं, "घरात उंदीर आहेत का?"

"पोत्यापोत्याला हुतं. आता एक बी ऱ्हायला न्हाय!"

साहेबांनी थर्मामीटर पुसून ठेवून दिलं.

*

कळंबच्या आबांच्या बोक्याचं पोट फुगलं होतं. दाबून बघायचा धीर साहेबांना होईना. लांबूनच म्हणाले, "वात धरलाय." मी बडीशेपेचा अर्क दिला.

चार दिवसांनी आबा पळत आले. "साहेब, तुमच्या औषदानं बोक्याला तीन पिल्लं झाली!"

पुढे आठवडाभर गाभण न राहणाऱ्या म्हशींचे मालक त्याच बाटलीसाठी दारात उभे!

*

नंतर एक बोका आला, सारखा बसून कुंथणारा. मालक म्हणाला, "पोट साफ व्हईना. एरंडेल द्या." साहेबांनी आधी तो बोकाच असल्याची खात्री केली. मग मन घट्ट करून पोट चाचपलं. लिंबाएवढा टणक गोळा लागला. "अरे, याची लघवी तुंबलीय!" हलक्या हातानं त्यांनी वाट मोकळी केली आणि धार थेट कोटावर! साहेब ओरडले, "सुटली!" इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

*

आणि एकदा भाजी-माळवं विकणारी पारूबाई आली. डोक्यावर पाटी, पाटीत निपचित मांजर. हातात दुधाचं पातेलं, साहेबांसाठी.

"दुधात तोंड घातलं म्हून लाटणं फेकलं. एवढं लागंल असं न्हाय वाटलं, साहेब." पातेलं खाली ठेवून तिनं पाटी पुढे केली आणि ती रडायलाच लागली. "माज्या हातातनं घ्या हिला. तुमच्याकडं मरू द्या. मी माळवं इकून सोन्याचं मांजर कुठनं आणू?"

साहेब दोन पावलं मागे सरले. मी तीन. पाटी तिच्याच हातात राहिली. मला लाज वाटली, पण पाय पुढे होईना.

शेवटी साहेबच पुढे झाले आणि त्यांनी पाटी घेतली. हिरड्या फिक्या, अंग गार, श्वास चालू. हाड कुठे मोडलेलं नव्हतं. मग हे उठत का नाही? "वास तरी येतो का बघू," म्हणत साहेबांनी पातेलं टेबलावर ठेवलं, दुधात बोट बुडवलं आणि मांजराच्या नाकाशी धरलं.

आधी कान हलला. मग एक डोळा उघडला. मग मांजर झोकांड्या खात उठलं आणि त्यानं सरळ पातेल्यात तोंड घातलं.

सवयीनं पारूबाईचा हात वर गेला. तसाच थांबला. मग तिनं दुसरा हात त्या हाताला जोडला.

"पी गं बाई," ती म्हणाली, "सगळं पी."