आपल्याच गावात पाहुणी

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळे जाणतात. म्हणूनच भावोजींनी फोनवर नुसतं "एकदा येऊन जा" एवढंच सांगितलं. स्टेशनसमोरच्या धक्क्याला त्यांची होडी लागली होती. पुढच्या बाकावर माझी थोरली बहीण, डोक्यावर रुंद काठाची टोपी, एक हात पाण्यात सोडलेला. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"आलीस? बरं केलंस. काय सुंदर गाव आहे गं! तुला सगळं दाखवते."

मी तोंड उघडणार, एवढ्यात भावोजी तिला म्हणाले, "बाई, जरा इकडे सरकून बसता का? यांना जागा होईल."

बसता का? लग्न झाल्यापासून या माणसाच्या तोंडून ताईसाठी 'अगं'शिवाय दुसरी हाक मी ऐकली नव्हती. अगं ऐकलंस का, अगं चहा टाक, अगं माझा चष्मा कुठे गेला. "हे काय नाटक लावलंय?" मी विचारलं. भावोजींनी इंजिनाची दोरी ओढली आणि माझा प्रश्न त्या फटफटाटात बुडाला.

अहो, गाव तिचंच! लग्न होऊन आली तेव्हापासून कालव्याकाठच्या खोलीत मशीनवर बसून तिने किनाऱ्यावरच्या छत्र्या शिवल्या. भावोजी पाहुण्यांना होडीतून गाव दाखवत फिरायचे, आणि ही त्यांना खिडकीतून जाताना बघायची. किनारा चालत जाण्यासारखा, पण तिथे जाऊन छत्रीखाली बसायला हिला सवड कुठली? मग एका सकाळी चहा पिता पिता तिने भावोजींना विचारलं, "अहो, होडी किती वाजता निघते?" त्यांना वाटलं, थट्टा करतेय. ते म्हणाले, "अगं, तू म्हणशील तेव्हा!" तशी ती कडाडली, "परक्या बाईला अगं म्हणता? लाज नाही वाटत?"

डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, ती जिथे आहे तिथे तुम्हीच जा. भावोजी गेले. त्या दिवसापासून ते होडीवाले आणि ती पाहुणी.

हे सगळं त्यांनी मला स्वयंपाकघरात कप विसळताना सांगितलं. "ती मला अहोच म्हणते," ते म्हणाले. "आधीही अहोच म्हणायची. डोळे मिटले की वाटतं, काही बदललेलंच नाही. माझाच शब्द तेवढा गेला."

"आणि झोपता कुठे तुम्ही?"

"होडीत. खिडकीखालीच बांधलेली असते. खोलीत परका पुरुष बघून ती घाबरते गं."

या वयात, त्या ओलीत! त्यांचा खोकला पाठ सोडत नव्हता, ते मला कळत नव्हतं का? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणावर, ते विचारू नका. मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, "ताईला मी माझ्याकडे घेऊन जाते. तुम्ही माणूस आहात की खांब?"

ते तोच कप पुसत राहिले. मग म्हणाले, "ती हो म्हणाली तर ने. पण चार दिवस राहा. तिला तुला गाव दाखवायचंय."

आणि ताईने खरंच गाव दाखवलं. होडी इतकी सावकाश जायची की काठावरून चालणारी माणसं आमच्या पुढे निघून जात. पुलाखालून जाताना पाण्यावरचं ऊन वर कमानीला लागून हलत राहायचं, आणि ताई मान वर करून बघत बसायची. वाळत घातलेल्या चादरी, कुणाचा रेडिओ, कुणाचं तरी भांडण, सगळं हळूच जवळ यायचं आणि हळूच मागे राहायचं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून पेंगायची, तिला बघून मीही पेंगायची. आज वार कुठला, हे मलासुद्धा आठवेना. माझा राग कुठे विरघळला कोण जाणे.

किनाऱ्यावर भावोजी वाळूत छत्री रोवून द्यायचे. एकदा ताईने हात वर करून तिची शिवण चाचपली. "दुहेरी टीप आहे. मन लावून शिवलंय गं कुणीतरी. बिचारीला इथे बसायला मिळत असेल का?"

भावोजी म्हणाले, "मिळतं. आता मिळतं."

ऊन उतरलं की तिचा ठरलेला प्रश्न, "आमचे हे कधी येणार मला न्यायला?"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी पुटपुटले. भावोजींना हसू आलं. त्यांनी अगदी होडीवाल्याच्या अदबीने विचारलं, "कसे आहेत हो तुमचे हे?"

"चांगले आहेत. पण घरी असतात कुठे? सगळ्या जगाला फिरवतात." ताई वाळूत रेघा ओढत होती. भावोजी उठून होडीकडे गेले, आणि बराच वेळ तिथेच काहीतरी करत राहिले.

निघायच्या दिवशी मी ताईला विचारलं, "येतेस ना माझ्याबरोबर?" ती चटकन म्हणाली, "येते की. सुट्टी तरी किती काढायची माणसाने?" तिची बॅग भावोजींनीच भरली. कपड्यांच्या घड्या घातल्या, गोळ्या कशा द्यायच्या ते मला समजावलं, आणि तेच पुन्हा एकदा समजावलं. होडी स्टेशनकडे निघाली. धक्का दिसायला लागला तेव्हा ताई एकदम मागे वळली.

"अहो, तुमचं लग्न झालंय?"

"झालंय."

"मग बायको कुठे असते?"

"सुट्टीवर गेलीय."

"आणि तुम्ही वाट बघत बसता?"

"बसतो."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग माझ्या कानाशी लागली. तिची कुजबुज पहिल्यापासून साऱ्या गल्लीला ऐकू जाते.

"याला असं एकटं सोडून जायचं? खोकला ऐकलास ना? होडीत झोपतो म्हणे! घरात झोप म्हणून सांगायला नको कुणी? तू हो पुढे. मी राहते."

"अगं ताई, घरी काय सांगू?"

"काही सांगू नकोस," ती म्हणाली, आणि लाजली. माझी ताई या वयात लाजली हो! मला हसूही आलं आणि रडूही, आणि मी दोन्ही एकदमच केलं.

तोवर ती भावोजींकडे वळली होती. "आणि काय हो, माझ्याहून मोठे आहात तुम्ही. सारखं बाई बाई आणि अहो-जाहो काय करता? अगं म्हणा मला."

भावोजींनी इंजिन बंद केलं. होडी आपली आपण सरकत राहिली.

"अगं," ते म्हणाले. मग पुन्हा, "अगं..." पुढचं काही त्यांना बोलता येईना.

"अगं काय?" ताई म्हणाली. "बोला की!"

होडी धक्क्याला आदळली, तरी कुणी दोर टाकला नाही. शेवटी मीच उडी मारली, माझी तेवढी बॅग ओढून घेतली, आणि पायाने होडी परत पाण्यात ढकलली.