उस्तादाचा शेवटचा ठोका

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि ती तर माझ्या पोटातलं काढण्यात पटाईत. तुम्हाला सांगतो. पण आधी एक ऐकून घ्या: अमरावतीच्या सराफ्यात चांदी ओळखावी तर मीच. चमचा बोटावर तोलून एकदा वाजवला की घडवणारा कोण, गाव कोणतं — सांगून मोकळा. फुशारकी वाटते? वाटू द्या. खरी आहे.

ही नजर मला दिली अकोल्याच्या करीमचाचांनी. चांदीचे कारागीर, माझे उस्ताद. त्यांच्याकडे एक रीत होती — काम आम्ही चेल्यांनी कितीही केलेलं असो, शेवटचा ठोका उस्तादाचा. चमच्याच्या दांडीखाली, मानेपाशी, किंचित डावीकडे कललेला. त्याशिवाय वस्तू दुकानाबाहेर जायची नाही.

मग कापसाला सोन्याचे दिवस आले. विलायतेला आमचाच कापूस हवासा झाला, आणि नांदगाव खंडेश्वराकडचे गुलाबराव बघता बघता श्रीमंत झाले. नातवाच्या उष्टावणासाठी त्यांनी बाजारातून एक काळवंडलेला जुना चमचा घेतला आणि माझ्याकडे आणला. भोवती सगळा सराफा जमलेला. मी चमचा वाजवला, नक्षी पाहिली, आणि उलटा करण्याचीही तसदी न घेता सांगितलं — बऱ्हाणपूर, पणजोबांच्या काळातला. काय वाहवा झाली म्हणता!

उष्टावणाच्या आधी चाचा अमरावतीला आले. डोळे अधू झालेले, हाताला काम नाही. नव्या पैशाला मुंबईचा माल हवा होता ना! गुलाबरावांच्या बैठकीत तो चमचा त्यांच्या हाती पडला. अंगठा फिरवून ते म्हणाले, हा तर माझा. गुलाबराव त्यांना घेऊन थेट माझ्या दुकानी.

"चाचा म्हनून राहिले का हा त्याईचाच हात हाय. खरं असन तं घरची सारी चांदी त्याईलेच घडवाले देतो. सांगा तुमी."

तेच लोक पुन्हा गोळा झाले. मी चमचा उलटा केला — आणि ठोका होता. तिथंच, तसाच. मी तो कितीदा पडताना पाहिला होता! हो म्हणायला काय अडलं होतं? चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. पण मी — आणि चुकलो?

"नाही," मी म्हणालो. "बऱ्हाणपूरच."

चाचांनी दांडीखाली पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाले, "तुले दिसते तं तसंच असन, बेटा. माहे डोये गेले आता."

काम मिळालं नाही. चाचा अकोल्याला परतले, आणि त्यांनी पुन्हा हातोडी धरली नाही. पण तिकडून येणारे सांगत — म्हातारा भेटेल त्याला कौतुकानं म्हणतो, "माह्या चेल्याची नजर पाहा! खुद्द उस्तादाची चूक पकडली त्यानं."

आणि ते ऐकून मला — खोटं कशाला बोलू — अभिमान वाटला.