रेकॉर्डिंगवाल्या सुदामचे कान

उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारात हशू शेठचं कॅसेट रेकॉर्डिंगचं दुकान होतं. एका अंगाला पायजमे शिवणारा, दुसऱ्या अंगाला मिक्सर दुरुस्त करणारा, आणि मधल्या चिंचोळ्या गाळ्यात छतापर्यंत रचलेल्या गाण्यांच्या तबकड्या. गिऱ्हाइकाने कोरी कॅसेट द्यायची, काय भरायचं ते सांगायचं आणि दोन दिवसांनी घेऊन जायची. भरण्याचं काम सुदामचं.

सुदाम बदलापूरजवळच्या शिरगावचा. घरची भातशेती थोरल्या भावाने सांभाळली आणि हा अंबरनाथच्या एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर लागला. तिथे प्रेस पडला की पायाखालची फरशी हलायची. माणसं हातवाऱ्यांनी बोलत. चहा आला, साहेब आला, सुट्टी झाली, सगळ्याला खुणा ठरलेल्या. कोणी कानात कापसाचे बोळे घातले की बाकीचे ‘नवरी लाजली, नवरी लाजली’ म्हणून त्याला सळो की पळो करत. त्यामुळे कापूस कोणी घालत नसे. सुदामनेही घातला नाही. पुढे कारखाना बंद पडला आणि ओळखीच्या ओळखीने तो हशू शेठकडे आला.

इंग्रजी संगीत त्याच्या वाट्याला आलं ते शेठच्या एका फसलेल्या सौद्यामुळे. अंबरनाथच्या क्वार्टरमधलं एक गोवेकर कुटुंब गाव सोडून निघालं होतं. त्यांची तबकड्यांची पेटी शेठने न बघताच घेतली. आत एकही खपणारं गाणं नव्हतं. दुपारच्या सामसूम वेळी सुदाम त्यातली एकेक तबकडी लावून बघे.

“अरे साईं,” शेठ गल्ल्यावरून ओरडायचा, “ये गाना है के कोर्ट का केस? संपतच नाही!”

खरंच संपत नसे. एक गाणं तबकडीची अख्खी बाजू व्यापून बसे. मध्येच ताल बदले, गाणारा गप्प होई, वाद्यं कुठल्या कुठे भटकून पुन्हा मूळ जागी येत. सुदामला इंग्रजी जेमतेम येत होतं. पण गावच्या भजनी मंडळात तो पखवाज वाजवत असे, त्यामुळे सात मात्रांवर चाललेलं काही एकदम पाचांवर आलं की त्याला बसल्या जागी गुदगुल्या होत.

या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, हे त्याला पद्मजाने सांगितलं. पद्मजा विठ्ठलवाडीला राहायची, अंबरनाथच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. दुकानावरून जाताना तिच्या कानावर तो आवाज पडला आणि ती थेट आत आली.

“हे जेनेसिस आहे ना? इथे? उल्हासनगरात?”

तेव्हापासून शनिवारी कंपनी सुटली की ती दुकानात यायची आणि वाद सुरू व्हायचा. वाद एकच: या सगळ्यात खरा बँड कुठला? एखाद्याला हा प्रकार काय आहे ते समजावून द्यायचं, तर कोणाची तबकडी लावावी?

“किंग क्रिमसन,” पद्मजा म्हणायची. “एकोणसत्तर साली दार त्यांनी उघडलं. मग येस आणि जेनेसिसने घर बांधलं.”

“आणि पिंक फ्लॉइड, ताई? लोक तर तेच मागतात.”

“लोक मागतात म्हणूनच. फ्लॉइड ऐकताना माणूस तरंगतो. मला डोकं चालवायला लावणारं हवं.”

“प्रयोगशाळेत डोकं चालवता ते पुरत नाही का?”

“तुमच्याशी वाद घालायला राखून ठेवते, सुदामभाऊ.”

सुदामचं उत्तर मात्र ठरलेलं असे: जेथ्रो टल. कारण बासरी. ती बासरी गोड नव्हती. वाजवणारा तिच्यात फुंकरीबरोबर धापा टाकी, गुरगुरे. त्याचा श्वास ऐकू येई. सुदाम म्हणे, “बाकीचे वाद्य वाजवतात. हा माणूस आपला जीव वाजवतो.” एका मासिकात त्या बासरीवाल्याचा एका पायावर उभा असलेला फोटो आला होता. सुदामने तो घरी नेला. त्याच्या आईने निरखून पाहिला आणि म्हणाली, “किसनच हाय. दाढी का वाढवली बाबाने?”

अशी पाच-सहा वर्षं गेली. त्याच्या हातच्या कॅसेटींना नाव होतं. कल्याणहूनही लोक येत आणि शेठला सांगत, “सुदामकडूनच भरून द्या.”

मग कधीतरी सुदामचं मत बदलू लागलं. आधी तो म्हणाला, टल चांगला, पण थोडा कोरडा. नंतर म्हणाला, त्याच्यात लोकगीतच जास्त. त्याला प्रोग्रेसिव्ह म्हणावं की नाही? नव्वद साल उजाडेपर्यंत तो फ्लॉइडच्या बाजूला जाऊन बसला होता. त्यांचा खालचा, भरदार आवाज त्याला आवडू लागला होता.

“अहो, तुम्हीच म्हणायचात ना, हा जीव वाजवतो म्हणून?” पद्मजाने चकित होऊन विचारलं.

“वय वाढलं, ताई. समज आली.”

त्याला तसं मनापासून वाटत होतं. त्याच सुमाराला एका संध्याकाळी अंगणात बसली असताना त्याची बायको बकुळा म्हणाली, “काय रातकिडे ओरडतायत, मेले!” सुदामला वाटलं, बाईला भलतेच भास होतात. यंदा रातकिडे आहेतच कुठे?

आणि त्याच सुमाराला कॅसेटी परत येऊ लागल्या. लावणीची कॅसेट घेऊन आलेला एक माणूस म्हणाला, “घुंगरू आहेत का खिळे? कानात टोचतात.” शेठने कोऱ्या कॅसेटींना दोष दिला, कंपनी बदलली. परत येणं थांबलं नाही.

एका शनिवारी पद्मजाने पिशवीतून दोन कॅसेटी काढल्या. दोन्ही जेथ्रो टलच्या, एकाच तबकडीवरून सुदामनेच भरलेल्या. एक सुरुवातीच्या वर्षांतली, झिजली म्हणून दुसरी अलीकडे भरून घेतलेली.

“सुदामभाऊ, हेडफोन लावा. आधी ही ऐका. आता ही. कुठली बरी?”

त्याने डोळे मिटून दोन्ही ऐकल्या. पुन्हा ऐकल्या. बासरी दोन्हींत होती, भिंतीपलीकडे कोणी वाजवत असल्यासारखी.

“दोन्ही सारख्याच आहेत की.”

पद्मजाचं लक्ष डेकशेजारच्या इक्वलायझरवर गेलं होतं. आवाजाचा पातळपणा-जाडपणा ठरवणाऱ्या त्या पट्ट्यांपैकी बारीक, तीक्ष्ण सुरांच्या उजवीकडच्या पट्ट्या पार वर सरकवलेल्या होत्या. सुदामने तिची नजर पाहिली. मग पट्ट्यांकडे पाहिलं. त्या त्यानेच वर नेल्या होत्या, आज थोडी, उद्या थोडी. आवाज मंद वाटतो म्हणून.

“नव्या कॅसेटमध्ये नुसता सूं-सूं आवाज आहे,” ती हळू म्हणाली. “झांजा तर सुरीसारख्या. तुम्ही आधी प्रेसवर होतात ना?”

सुदामने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “ताई, शेठला सांगू नका. कानावरच तर पोट आहे माझं.”

“मी नाही सांगणार. तुम्ही सांगा.”

“मग तो दुसरा माणूस ठेवील.”

“ठेवेल कदाचित. पण न सांगता किती दिवस चालेल? कॅसेटी बोलतायतच की.”

तो आठवडा सुदाम जेवणावरून अर्धपोटी उठत होता. नोकरीची भीती होतीच. पण आणखी एक गोष्ट त्याला छळत होती. इतकी वर्षं लोकांनी त्याला विचारलं, सुदाम, कुठला बँड चांगला? आणि गेली दोन-तीन वर्षं त्याने आपल्या अधू कानांचा निकाल स्वतःची समज म्हणून त्यांना दिला. ज्या बासरीपायी तो इतकी वर्षं भांडला, तिलाच त्याने कोरडी ठरवलं होतं.

पुढच्या आठवड्यात, शेठ चहा पीत असताना, त्याने सांगून टाकलं. “शेठ, मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. कॅसेटी माझ्यामुळे बिघडतात.”

शेठने बशीतला चहा संपवला. “अरे, मला वाटलं तू हे सगळं इंग्लिश ऐकून बिघडला. भेजा खराब झाला म्हटलं.” मग तो उठून शेजारच्या मिक्सरवाल्याकडे गेला आणि एम-सीलची पुडी घेऊन आला. “ताईला बोलव शनिवारी. ती जिथे सांगेल तिथे ये पट्टी पक्की करायची. नंतर तू हात लावायचा नाही. बाकी आवाज किती ते डेकच्या काट्यावर बघून भरतोस ना? डोळे आहेत?”

“आहेत.”

“मग? नवीन माणसाला तबकडी धरायला शिकवू का मी, या वयात?”

शनिवारी पद्मजाने हेडफोन लावून एकेक पट्टी खाली आणली. शेठने प्रत्येकीच्या बुडाशी एम-सील थापलं आणि ते वाळेपर्यंत कोणाला जवळ फिरकू दिलं नाही. त्यानंतर सुदाम भरायचा ती प्रत्येक कॅसेट त्याला स्वतःला गोधडीखालून वाजल्यासारखी वाटे. हात शिवशिवायचा. तो काट्यांकडे बघत बसायचा आणि तशीच कॅसेट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. परत काही आलं नाही.

पावसाळा सरता सरता अंबरनाथहून एक गृहस्थ आले. मुलीने गिटार घेतली होती आणि तिला हे लांबलचक गाण्यांचं संगीत समजून घ्यायचं होतं. त्यांनी नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट काउंटरवर ठेवली. “मला यातलं काही समजत नाही. तुम्हीच सांगा, कोणाकोणाचं भरायचं?”

सुदामने कॅसेट हातात घेतली. “किंग क्रिमसन. मग येस, जेनेसिस. थोडं पिंक फ्लॉइड.” त्याने थप्पीतून एक पाकीट ओढलं. “आणि जेथ्रो टल. तो पहिला भरतो.”

“तो सगळ्यांत चांगला का?”

“आता मला सांगता यायचं नाही,” सुदाम म्हणाला. “पण मला धड ऐकू यायचं तेव्हा होता.”

आणि त्याने तबकडी पाकिटातून काढून, कडा तळव्यांत धरून, हलकेच रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली.