बा की पा

आमच्या भावजींना जगात दोनच गोष्टी कळतात. एक, चमच्याला चकाकी कशी आणायची. दोन, व्हिडिओ गेम पूर्वी कसे असायचे. पहिलीचा त्यांना पगार मिळतो. दुसरी ते आम्हाला फुकट ऐकवतात, आणि ऐकवताना आपलीच नूडल थंड होतेय याचंही त्यांना भान नसतं.

यासुनोरी त्यांचं नाव, माझे मोठे दीर. वय बावन्न, लग्न केलेलं नाही. जपानातल्या आमच्या त्सुबामेत निम्मं गाव चमचे-काटे घडवतं, त्यात हे पॉलिशच्या चाकावर बसतात. नखांत कायम काळं. पण घरी गेले की साबणानं तीनदा हात धुतल्याशिवाय गेमच्या कॅसेटला शिवायचे नाहीत. वरच्या मजल्यावर अशा चारशे कॅसेट आहेत, एकेक वेगळ्या पिशवीत, आत ओल शोषणारी पुडी. एकदा कॅसेट चालेना म्हणून मी लहानपणच्या सवयीनं तिच्यात फुंकर मारली, तर माझ्याकडं असं बघितलं की मी लांबच झाले.

"मिनाए, तू गिऱ्हाइकाच्या रश्श्यात थुंकतेस का?"

"काहीतरीच काय भावजी."

"मग? फुंकरीत थुंकी असते. आत तांबं काळं पडतं. कापसाच्या काडीला स्पिरिट लाव आणि पूस."

आमचं नूडलचं दुकान आहे. डबे कारखान्यांत पोचेपर्यंत लगदा होऊ नये म्हणून आमच्याकडं नूडल जाड असते आणि वर डुकराच्या चरबीचा तवंग, म्हणजे रस्सा गरम राहतो. भावजी रोज एक वाजता कोपऱ्यातल्या स्टुलावर. माझा नवरा कात्सुमी, त्यांचा चार वर्षांनी धाकटा भाऊ, आत नूडल उकळत असायचा आणि मधेमधे काडी टाकायचा.

"आताचा गेम लावला की आधी म्हणतो, थांबा, दुरुस्ती चालू आहे," भावजी सुरू करायचे. "अरे, विकायच्या आधी करा की. मी ओरखड्याचा चमचा विकून मग लोकांच्या घरी पॉलिशला जातो का?"

"दादा, जेव."

"आणि शिकवतात किती. हे बटण दाबा, आता उडी मारा, शाब्बास. बालवाडीत पण एवढे लाड नसतात. आम्ही पहिल्या खड्ड्यात पडून मरायचो, तेव्हा कळायचं की इथं खड्डा आहे."

"मग नवीन यंत्र आलं की पहिल्याच दिवशी रांगेत का उभा असतोस?"

"नावं ठेवायची तर आधी घ्यायला नको?"

खरं सांगायचं तर त्यांना नवीनही आवडतं. एकदा डबा द्यायला गेले तर पडद्यावर गाव जळत होतं, लोक मदतीला हाका मारत होते, आणि यांचा शूर वीर नदीकाठी उभा. म्हटलं, काय करताय? म्हणाले, पाणी बघतोय, पाणी मात्र आता झकास करतात. अर्धा तास झाला होता म्हणे.

एका गोष्टीला मात्र त्यांची क्षमा नव्हती. आताचे गेम खेळ आपोआप जपून ठेवतात. "आपोआप! मग माणसानं काय जपायचं?" असं म्हणून ते आतल्या बाजूला बघायचे आणि कात्सुमी नूडल जोरात झटकायचा. त्यात एक जुनं दुखणं होतं.

सदतीस वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात हे दोघं भाऊ 'घंटांचं बेट' नावाचा गेम खेळत होते. तेव्हाच्या फॅमिकॉम नावाच्या गेमच्या यंत्रात काही जपायची सोय नव्हती. थांबायचं झालं की गेममधली नाक्यावरची म्हातारी एक 'वाटखूण' सांगायची, चव्वेचाळीस अक्षरं, अर्थ शून्य. ती वहीत उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी भरायची. एक अक्षर चुकलं की म्हातारी म्हणणार, ही वाट इथली नव्हे. संपलं.

दादानं पडद्यावरून वाचायचं, धाकट्यानं लिहायचं, अशी वाटणी. तीन महिने खेळून शेवटच्या घंटेपाशी पोचले त्या दिवशी सासूबाईंनी जेवायला हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, आणि भराभर वाचून, भराभर लिहून दोघं खाली पळाले. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं हाकलून लावलं. भावजी म्हणाले, तुझं कोंबडीच्या पायाचं अक्षर, त्यानं घात केला. अकरा वर्षांचं पोर रडून रडून झोपलं.

तेव्हापासून दर नववर्षाला, जेवणं झाली की, भावजी ते वाक्य टाकायचेच. कात्सुमी इतका चिडला की शाळेत असतानाच सुलेखनाच्या मास्तरांकडं जाऊन बसला आणि बारा वर्षं कुंचला घोटला. आमच्या दुकानाच्या दारातली पाटी, आज काय आहे ते सांगणारी, तो रोज सकाळी हातानं लिहायचा. लोक तिचे फोटो काढायचे. नूडल खायला नंतर शिरायचे.

भावजींनी ती वही जपली होती. चारशे गेम पुरे केले, तो एक पुन्हा पहिल्यापासून सुरू केला नाही. म्हणायचे, तो आम्हा दोघांचा आहे. तेवढं मात्र मला आवडायचं.

मग ऑक्टोबरात कात्सुमीला झटका आला. रश्श्याच्या पातेल्यासमोरच खाली बसला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा आणि जीभ जड. महिन्याभरानं बोटं थोडी हलायला लागली, तेव्हा व्यायाम करून घेणाऱ्या ओगाताबाईंनी त्याच्या हातात पेन दिलं. त्यानं नाव लिहिलं. वाळूवर खेकडा चालावा तसं उमटलं. कात्सुमीनं ते बघितलं, कागद पालथा घातला, आणि त्यानंतर तीन महिने पेनाला हात लावला नाही. चेंडू दाब म्हटलं तर दाबायचा, जिन्यावर चढवलं तर चढायचा. पेन दिसलं की मान भिंतीकडं.

ओगाताबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हात तयार आहे. माणूस तयार नाही."

दुकान बंदच होतं. शेजारच्या गावचे एक गृहस्थ ते चालवायला मागत होते, मी मार्चअखेर सांगते म्हटलं होतं. नूडल मी उकळीन हो. पण पाटी न लिहिणारा कात्सुमी त्या दुकानात एक दिवस टिकणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्यानं पेन धरलं तर दुकान राहील, नाही तर जाईल, असा सरळ हिशोब मी मनाशी घातला होता. कुणाला सांगितला नव्हता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात भावजी इस्पितळात आले ते पोटाशी जुना, फुगीर काचेचा टीव्ही धरून. बाहेर बर्फ, चष्म्यावर वाफ, मागून दाराशी अडकलेली वायर.

"अहो, इथं भिंतीवर चांगला टीव्ही आहे की."

"त्यात चित्र उशिरा पोचतं. इकडं बटण दाबा, तिकडं तो विचार करून उडी मारतो."

बैठकीच्या खोलीत त्यांनी फॅमिकॉम जोडला आणि ती वही काढली. मनात म्हटलं, आता हा माणूस इथंही अक्षरावरून बोलणार. पण ते नुसतं म्हणाले, "कात्सु, शेवटची घंटा राहिलीय."

वाटखूण भरली. म्हातारी म्हणाली, ही वाट इथली नव्हे.

भावजींनी यावर वर्षानुवर्षं डोकं फोडलं होतं. कात्सुमीच्या लिखाणातला 'नु' 'मे'सारखा दिसतो का, 'रु' 'रो'सारखा दिसतो का, एकेक बदलून शेकडो वेळा भरून झालं होतं. तेच ते पुन्हा समजावून सांगायला लागले. कात्सुमी ऐकत होता. मग त्यानं तो उजवा हात, जो स्वतःहून कधी उचलत नव्हता, वहीवर ठेवला आणि एका अक्षरावर बोट टेकलं. बा.

"बा? हा तर स्वच्छ बा आहे. दोन ठिपके दिसतायत."

कात्सुमीनं मान हलवली. बोट हळूहळू वर नेलं आणि भावजींच्या चष्म्याच्या काचेवर टेकवलं.

मला आधी काही कळेना. भावजींना कळलं. त्यांचा चेहराच उतरला. आमच्या लिपीत 'बा' आणि 'पा' एकाच अक्षराचे, फक्त डोक्यावर 'बा'च्या दोन ठिपके आणि 'पा'च्या बारीक गोल. फुगीर काचेवर ते दोन्ही माशीच्या घाणीएवढे. आणि भावजींना पहिला चष्मा लागला तो त्या हिवाळ्यानंतरच्या वसंतात, हायस्कूलच्या तपासणीत. चुकीचं लिहिलंच नव्हतं. चुकीचं वाचलं होतं.

"सदतीस वर्षं," भावजी म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले, बराच वेळ. "सदतीस वर्षं तुला उगाच बोललो रे. माझे डोळे गेलेले, आणि मी तुझ्या हाताला नावं ठेवली."

कात्सुमी हसला. अर्धाच चेहरा हसतो त्याचा, पण हसला. मला एकदम रडू आलं आणि रागही आला, दोन्ही. बारा वर्षं कुंचला घोटला तो या माणसाच्या डोळ्यांपायी.

वहीत असली ठिपकेवाली अक्षरं पाच होती. कुठला ठिपका खरा, कुठला गोल, कोण सांगणार? एकेक जुळणी करून बघायची. एका वेळेला पाच मिनिटं. पहिल्या दिवशी चार झाल्या, दुसऱ्या दिवशी सहा. भावजी कारखान्यातून अर्धी रजा काढून यायचे. बटणं कात्सुमी दाबायचा, उजव्या अंगठ्यानं, आणि चुकला की स्वतःवरच गुरगुरायचा. ओगाताबाई दारात उभ्या राहून बघून जायच्या.

तिसऱ्या दिवशी अकराव्या जुळणीला म्हातारी म्हणाली, या, वाट तुमचीच आहे.

दोघं एकमेकांकडं बघेनात. पडद्यावर एक ठेंगणा वीर उभा होता, खिशात अठ्ठावीस पावांचे तुकडे घेऊन. "पाव तुझे," भावजी म्हणाले, "तू कधी खर्च करू देत नव्हतास." दीड तास खेळले. शेवटच्या घंटेच्या जिन्यावर तीनदा मेले. इतके मेले, पण एकदाही कुणी कुणाला नावं ठेवली नाहीत. आज होत नाही, उद्या, असं म्हणून भावजींनी वीराला म्हातारीकडं नेलं. तिनं नवी वाटखूण सांगितली. चव्वेचाळीस अक्षरं.

मी म्हटलं, "फोटो काढा की फोननं."

"फोन घरी राहिला," भावजी म्हणाले.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून फोनची दोरी लोंबत होती. माझा फोन माझ्या हातात होता. मी तो पिशवीत टाकला आणि चेन लावली.

भावजींनी वहीचं कोरं पान उघडलं, त्यावर पेन ठेवलं, आणि पडद्याकडं तोंड करून बसले. "मी वाचतो," म्हणाले. "तू लिही. पूर्वीसारखं."

कात्सुमीनं मान भिंतीकडं वळवली. भावजींनी वळून पाहिलं नाही. टीव्हीचा बारीक आवाज तेवढा येत होता. हे यंत्र बंद केलं की सगळं जाणार, अठ्ठावीस पावांसकट, हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं. आयुष्यात मला इतकं गप्प बसायला कधी जड गेलं नव्हतं.

मग पेन उचलल्याचा आवाज आला.

"से," भावजींनी वाचलं. थांबले. पेन घसरलं, पुन्हा टेकलं. "रु."

सातव्या अक्षराला नर्स जेवणाचं ताट घेऊन आली. "कात्सुमीसान, जेवून घ्या, गरम आहे."

"असू दे ताई," भावजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "आज थंड खाईल."

पंचवीस मिनिटं लागली. अक्षरं वेडीवाकडी, ओळ उताराला लागलेली, कुठं कागद फाटलेला. पण प्रत्येक ठिपका ठिपका होता आणि प्रत्येक गोल गोल. चव्वेचाळिसावं लिहून झालं तेव्हा कात्सुमीच्या कपाळावर घाम होता. भावजींनी यंत्राकडं हात नेला, तेवढ्यात त्यानं त्यांचं मनगट धरलं. उजव्या हातानं.

"परत वाच," तो म्हणाला. शब्द जड होते, पण एकेक सुटा. "चष्मा पुसून."

भावजींनी चष्मा पुसला आणि पहिल्यापासून वाचायला लागले. मी बाहेर गेले आणि त्या गृहस्थांना फोन लावला. म्हटलं, माफ करा, दुकान द्यायचं नाही.